‘स्पर्धा कमी’ म्हणजे नेमकं काय कमी?

साशंक : तू पाठवलेला तक्ता मी दोनदा वाचला. गुगलवर शोधले जाणारे सव्वाशे शब्द, प्रत्येकापुढे महिन्याचे शोध, मग ‘स्पर्धा’ या मथळ्याखाली कमी, मध्यम किंवा जास्त, आणि शेवटी शंभरपैकी एक आकडा. ‘पोळीभाजी केंद्र डोंबिवली’ यापुढे ‘कमी’ लिहिलं आहे. अरे, मी सतरा वर्षं डोंबिवली पूर्वेला पोळीभाजी केंद्र चालवते. माझ्या दारातून स्टेशनकडे चालायला लागलं की दहा मिनिटांत पाच केंद्रं लागतात. संध्याकाळी सातनंतर लोकलमधून उतरलेली माणसं घरी जाता जाता दहा पोळ्या आणि पाव किलो भाजी घेऊन जातात. त्यांतलं एक गिऱ्हाईक टिकवायला पोळी किती पातळ लाटायची इथपासून मी विचार करते. एवढी चढाओढ असलेल्या धंद्यापुढे तुझा तक्ता ‘कमी’ म्हणतो. मग उरलेल्या एकशे चोवीस ओळींवर मी विश्वास का ठेवू?

मोजणारा : काकू, तो रकाना पोळीभाजी केंद्रांबद्दल बोलतच नाही. तो समजावून न सांगता पाठवला, ही चूक माझी. ‘कमी, मध्यम, जास्त’ हे गुगलच्या कीवर्ड प्लॅनरमधून येतं आणि ते साधन जाहिरातदारांसाठी केलेलं आहे. एखाद्या शब्दावर जाहिरात लावायला किती जण बोली लावतात, एवढंच तो रकाना सांगतो. घोडबंदर रोडवरचा टू बीएचके घ्या. बिल्डर, दलाल, घरांची मोठाली संकेतस्थळं सगळी बोलीत उतरलेली असतात, म्हणून तिथं ‘जास्त’ दिसतं. पोळीभाजीसाठी क्लिकमागे पैसे मोजणारं जवळपास कुणी नाही, म्हणून ‘कमी’.

शेवटचा शंभरपैकीचा आकडा निराळा. त्याला आमच्या धंद्यात कीवर्ड डिफिकल्टी म्हणतात. त्या शब्दाला जी पानं पहिल्या दहांत येतात, त्यांना बाहेरच्या किती संकेतस्थळांनी दुवे दिले आहेत, यावर तो मुख्यतः बेतलेला असतो. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली गुगल काढलं, तेव्हा त्यांची कल्पनाच ही होती की एका पानानं दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे त्याच्या बाजूनं पडलेलं मत. त्या मतांची मोजणी आजही उपयोगी पडते. एचरेफ्स हे साधन आपला आकडा दुव्यांवरूनच काढतं. सेमरश आणि मॉझ आपापली गणितं लावतात, म्हणून एकाच शब्दाला तिघांचे तीन आकडे निघतात. ते गुगलचे आकडे नव्हेत. गुगल असा आकडा कुणालाच देत नाही.

साशंक : म्हणजे एक रकाना जाहिरात देणाऱ्यांचा आणि दुसरा दुवे देणाऱ्यांचा. आता सांग, पोळीभाजी केंद्राला दुवा कोण देणार? आमची पोळी आवडली म्हणून कुणी संकेतस्थळावर लेख लिहून खाली माझा पत्ता जोडत नाही. ते शेजारणीला सांगतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा नंबर टाकतात. नवं बिऱ्हाड आलं की लिफ्टमध्येच माझं नाव त्याच्या कानावर जातं. सतरा वर्षांत माझ्या बाजूनं अशी किती मतं पडली असतील! त्यातलं एकही तुझ्या साधनाला दिसलेलं नाही. आकडा लहान आला, कारण या धंद्यातली शिफारस ज्या वाटेनं जाते त्या वाटेवर तुमचा मोजणारा माणूस उभाच नाही. आणि तू तो लहान आकडा दाखवून म्हणतोस, काकू, इथं वाट सोपी आहे.

मोजणारा : ‘सोपी आहे’ असं म्हणायला नको होतं, ‘बघण्याजोगी आहे’ म्हणायला हवं होतं. पण आकड्यांची बाजू मला मांडू द्या, कारण मी त्यांच्यावर पोट भरतो आणि ते निरुपयोगी आहेत असं मला खरोखर वाटत नाही. सव्वाशे शब्दांची पहिली पानं एकेक करून पाहणं एका दिवसात होत नाही. नुसतं ‘रेसिपी’ किंवा ‘दिवाळी फराळ’ अशा शब्दांवर मोठी वर्तमानपत्रं आणि लाखो प्रेक्षकांच्या वाहिन्या बसल्या आहेत. तिथं तुमच्या नव्या पानाचा टिकाव लागणार नाही, हे डिफिकल्टीचा आकडा एका नजरेत सांगतो. आकडा मोठा असेल तर मी त्यावर बराच विश्वास ठेवतो. आकडा लहान असेल तर मात्र स्वतः जाऊन पाहावं लागतं. नाकारायला तो चांगला, निवडायला अपुरा.

जाहिरातीचा रकानाही अगदीच फुकट नाही. लोक ज्या शब्दावर महिनोन्‌महिने पैसे घालतात, त्या शब्दामागे गिऱ्हाईक येत असणार. नुसती चौकशी करणारे कुठं जमतात आणि विकत घेणारे कुठं, याची ती एक खूण आहे. ‘मुंबईचे डबेवाले’ हा शब्द पाहा. त्यामागे विद्यार्थी आहेत, पत्रकार आहेत, व्यवस्थापनाचे प्राध्यापक आहेत, हार्वर्डनंही त्यांच्यावर केस स्टडी केली आहे. पण त्या शोधातून रात्रीचा डबा लावणारा माणूस तुमच्याकडे येणार नाही.

साशंक : बरं. मग तू ‘स्वतः जाऊन पाहावं’ म्हणतोस ते पाहणं कसलं? कारण मीही पाहिलं. माझ्या फोनवर ‘पोळीभाजी’ टाकलं तर माझंच केंद्र पहिलं दिसतं. मी खूश झाले. भाचीनं पश्चिमेला तिच्या घरून तेच टाकलं, तर माझा पत्ताच नाही. भाची कल्याणला नोकरी करते, तिथून टाकलं तर निराळीच तीन नावं. खरं कुठलं धरायचं?

मोजणारा : तिन्ही खरी. नकाशाबरोबर जी नावं येतात, ती कशी ठरतात हे गुगलनं उघड सांगितलं आहे : विचारलेल्या गोष्टीशी मेळ, विचारणाऱ्यापासूनचं अंतर आणि त्या जागेचा बोलबाला. बोलबाला म्हणजे रिव्ह्यू, इतर ठिकाणचे उल्लेख, दुवे वगैरे. तुम्ही केंद्रात उभ्या राहून शोधलंत म्हणजे अंतर शून्य केलंत. तुमच्या ४२१२०१ मध्ये तुम्ही वर असाल, तर रुळांपलीकडच्या ४२१२०२ मध्ये दुसरं कुणी. मग ‘डोंबिवलीत आमचा क्रमांक पहिला’ असं कुणी सांगितलं तर विचारायचं, कुठल्या चौकातून पाहिलंत? फडके रोडवरून, घरडा सर्कलपासून की पलावातून? स्थानिक धंद्यात एका शब्दाला एकच स्पर्धा नसते, ती प्रत्येक चौकात बदलते.

पाहणं म्हणजे हेच, काकू. वर किती जाहिराती आहेत, नकाशा येतो का, त्यात कोण आहे, त्यांना किती रिव्ह्यू आहेत आणि शेवटचा कधीचा. खाली स्वतःचं पान असलेलं एखादं तरी केंद्र आहे की सगळ्या जागा पत्ते गोळा करणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांनी घेतल्या आहेत. ही मोठी संकेतस्थळं बसलेली असली तर डिफिकल्टीचा आकडा चढतो. पण कधी कधी त्यांचं ते पान अगदी पोकळ असतं, बंद पडलेल्या मेसचे फोन नंबर त्यात असतात. आकडा म्हणतो कठीण, डोळा म्हणतो इथं उत्तरच नाही. हे पाहण्यावाचून कळत नाही.

साशंक : आणि लोक विचारतात कशा भाषेत? तक्त्यात ‘टिफिन सर्व्हिस’ आहे, ‘डबा’ आहे, ‘मेस’ आहे. पण माझ्याकडे फोन करणारा यातलं काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, ‘घरगुती जेवण मिळेल का?’ 

मोजणारा : इथं माझ्या साधनांची सगळ्यात मोठी फजिती होते. इंग्रजीत गावाचं नाव वाक्यात तसंच राहतं. मराठीत ते विभक्ती घेतं : डोंबिवलीत, डोंबिवलीतला, डोंबिवलीमध्ये, डोंबिवलीला. ठाण्याचं तर सामान्यरूपच बदलतं. ‘ठाणे’ शोधणारा आणि ‘ठाण्यात’ शोधणारा एकाच गोष्टीच्या मागे असला, तरी साधन बहुधा दोन वेगळे शब्द मोजतं. त्यात बरेच लोक मराठी मनात आणून रोमन लिपीत टाइप करतात आणि डोंबिवलीचं रोमन स्पेलिंग घरागणिक बदलतं. प्लॅनर काही जवळची रूपं एकत्र करतो, काही सुटी ठेवतो. मग एका मागणीचे दहा तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यापुढे शून्य किंवा दहा लिहिलेलं असतं, आणि एखादा म्हणतो मराठीत मागणीच नाही.

दुसरा घोळ नावांच्या अर्थाचा. आपल्या पट्ट्यातली तीन नावं घ्या. ‘ठाणे’ म्हणजे शहर, ठाणे म्हणजे जिल्हा आणि ठाणे म्हणजे पोलीस ठाणेसुद्धा. मराठी बातमीत जिथं जिथं ‘पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल’ असतं, तिथं तिथं हा शब्द आहे, मग ती बातमी लातूरची का असेना. ‘कल्याण’ तर विचारूच नका. समाज कल्याण विभाग, बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी योजना, यमनकल्याण, केरळातल्या त्रिशूरची कल्याण ज्वेलर्स ही पेढी. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे कल्याण मटका. तो १९६२ साली सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांच्या नावावरून ओळखला जातो, कल्याण गावाशी त्याचा काही संबंध नाही. पण ‘कल्याण’ आणि ‘चार्ट’, ‘कल्याण’ आणि ‘रिझल्ट’ असं टाकलं की रोजच्या आकड्यांची पानं समोर येतात. कल्याणमधल्या एखाद्या शाळेनं आपल्या पानावर नुसतं ‘कल्याण निकाल’ लिहिलं, तर ती मुलांच्या निकालासाठी जुगाराशी झुंजायला उभी राहिली. तिन्हींत निखळ गावच असलेलं नाव डोंबिवली. म्हणून डोंबिवलीपुढचा आकडा लहान असला तरी स्वच्छ असतो, कल्याणपुढचा मोठा असला तरी त्यात कोणकोण मिसळलंय ते आधी निवडावं लागतं.

साशंक : हे मला पटलं, आणि तक्त्याविषयीचा माझा संशय त्यानं वाढला. आता माझा मुद्दा ऐक. तुझ्या तक्त्यात ‘उकडीचे मोदक ऑर्डर’ यापुढे महिन्याला १० ते १०० असं काहीतरी आहे. पण वर्षभर उकडीचे मोदक कोण मागवतं? अंगारकीला काही, बाकी सगळे गणपतीत. समजा वर्षात बाराशे जणांनी शोधलं आणि त्यांतल्या हजारांनी गणपतीच्या पंधरवड्यात. तुझी सरासरी म्हणते, महिन्याला शंभर. पण माझ्या स्वयंपाकघरात ते हजार एकाच वेळी येतात, आणि त्या पंधरवड्यात ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक दुसऱ्या इमारतीत कुणी ना कुणी मोदक वळून विकत असतं. मागणीही तेव्हाच आणि चढाओढही तेव्हाच. फराळाचं तसंच. ज्यांची मुलं बाहेरदेशी आहेत ती माणसं दसऱ्याच्या आधीपासून विचारतात, कारण पार्सल पोचायला वेळ लागतो. इथली माणसं धनत्रयोदशीपर्यंत थांबतात. एकाच शब्दाचे दोन हंगाम. वार्षिक सरासरीत हे सगळं सपाट होतं.

मोजणारा : होतं खरं. म्हणून शेजारी गुगल ट्रेंड्स ठेवायचं. ते नक्की किती जणांनी शोधलं हे सांगत नाही, सर्वांत उंच आठवड्याला शंभर धरून बाकीचे त्या मानानं दाखवतं. चढ कधी सुरू होतो तेवढं त्यातून कळतं, आणि पान त्याच्या दोन-तीन महिने आधी तयार ठेवता येतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी टाकलेलं पान पुढच्या वर्षीच्या गणपतीसाठी, असं धरून चाला.

आणि तुमचं स्वतःचं पान सुरू झालं की गुगलचंच सर्च कॉन्सोल आहे. त्यात अंदाज नसतो. कुठल्या शोधाला तुमचं पान दिसलं, कितव्या जागी आणि कितींनी उघडलं, हे सोळा महिन्यांपर्यंतचं मागे जाऊन पाहता येतं. फार थोड्यांनी केलेले शोध खासगीपणासाठी त्यातही झाकलेले असतात, पण एक गणपती दुसऱ्या गणपतीशी ताडून बघता येतो. माझ्या मते, स्पर्धेचा सर्वांत प्रामाणिक अंदाज हाच. आधी पान लिहा, मग ते कुठं अडतं ते पाहा.

साशंक : म्हणजे आधी उडी आणि मग खोली. लहान माणसाला ती परवडते का, हा प्रश्न राहतो. पण मी तुला आणखी एक दाखवते. ही माझ्या फोनजवळची वही. मागच्या दोन महिन्यांत लोकांनी काय काय मागितलं ते हिच्यात आहे. ‘बाळंतिणीसाठी चाळीस दिवस पथ्याचा डबा.’ ‘आईला डायबेटिस आहे, भाताऐवजी ज्वारीची भाकरी चालेल का?’ ‘चातुर्मासात कांदा-लसूण नको.’ ‘एकाच माणसाचा अर्धा डबा.’ ‘हॉस्पिटलमध्ये पोचवाल का?’ यातली एकही ओळ तुझ्या सव्वाशेत नाही. मी भाचीला ती साधनात टाकायला लावली, प्रत्येकीपुढे शून्य किंवा नुसती रेघ. पण ही माणसं तर मला फोन करतात!

मोजणारा : शून्य म्हणजे कुणीच विचारत नाही असं नव्हे. साधनाच्या चाळणीत सापडेल इतक्यांनी, एकाच शब्दरचनेत विचारलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्याआधी कधीच झालेले नसतात, असं गुगल वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. त्यांच्यापुढे कुठल्या साधनात आकडा असणार? काकू, शब्द शोधायला तुमची वही माझ्या तक्त्यापेक्षा सरस आहे, हे मी आत्ताच मान्य करतो. बाळंतिणीच्या डब्याचं नीट पान लिहा : काय देता, काय देत नाही, डिंक-अळिवाचे लाडू त्यात आहेत की वेगळे, किती वाजता पोचतो, कुठपर्यंत पोचवता. तसं पान या पट्ट्यात मला तरी सापडलेलं नाही. तिथं स्पर्धा खरंच कमी आहे, आणि हे मी रकाना न पाहता, समोरची दहा उत्तरं वाचून सांगतोय.

साशंक : आज नसेल. पण तुझ्यासारखे किती जण हीच साधनं वापरतात? सगळ्यांना तीच मोकळी गल्ली दिसते. चार महिन्यांत तिथं वीस पानं होतील. एकाला सोपा म्हणून दाखवलेला शब्द शंभरांना सोपा म्हणून दाखवला, की तो सोपा राहत नाही. आणि पानं कसली! मी पाहिली आहेत ती. ठाण्यात घरगुती डबा, कळव्यात घरगुती डबा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. आठ स्टेशनांची आठ पानं, गावाचं नाव तेवढं बदललेलं, आणि स्वयंपाकघर एकच, तेही बहुतेक स्टेशनांवर पोचवत नाही.

मोजणारा : त्यांना डोअरवे पेजेस म्हणतात आणि गुगलच्या नियमांत ती फसवणुकीत मोडतात. मी ती करत नाही. आणि गल्ली भरेल म्हणता ते खरं आहे, साधनानं दाखवलेली प्रत्येक मोकळी जागा लवकर भरते. पण तुमच्या वहीतली जागा साधनानं दाखवलेली नाही. शिवाय ती भरायला बाळंतिणीचा डबा खरोखर करावा लागतो. शब्द कुणीही उचलेल, सतरा वर्षांचा स्वयंपाक कुणी उचलू शकत नाही.

साशंक : हे तू मला बरं वाटावं म्हणून बोलतोस का? कारण अनुभव उलटा आहे. माझ्या केंद्राचं नाव, अगदी नावच, टाकून शोधलं तर माझ्याआधी एक पत्ते गोळा करणारं संकेतस्थळ येतं. त्यावर माझा फोटो आणि फोन करायचं बटण. ते दाबलं की काही वेळानं चौकशी करणाऱ्याला तीन दुसऱ्या केंद्रांचे फोन येतात. माझं नाव, माझा लौकिक, आणि त्यावर स्पर्धेत मी दुसरी. हा शब्द तर माझ्याइतका कुणाचाच नव्हता.

मोजणारा : त्यावर उपाय आहे. गुगलवर तुमचा बिझनेस प्रोफाइल ताब्यात घ्या, वेळा भरा, स्वतःचं साधं पान करा. स्वतःच्या नावाच्या शोधात बहुधा काही आठवड्यांत तुम्ही वर याल. पण तुमचा प्रश्न याहून मोठा आहे हे मला कळतं. मोठ्या संकेतस्थळाचं बळ हजारो केंद्रांच्या नावांनीच बनलेलं असतं, आणि तेच बळ एकेका केंद्रावर चालून येतं. त्यावर माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही.

साशंक : आणखी एक आहे, ज्यावर तुझ्याकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही, पण विचारते. नकाशात नावं किती दिसतात?

मोजणारा : तीन. पूर्वी सात असायची, २०१५ च्या ऑगस्टपासून तीन केली.

साशंक : तीन. मी वर गेले की आमच्यातलं एक नाव खाली जाणार. त्या पाचांतल्या दोघी मला अडीअडचणीला पीठ देतात. एकीच्या पोळ्या मी आजारी असताना माझ्या गिऱ्हाइकांना गेल्या आहेत. सात ते नऊच्या वेळात आम्ही एकमेकींशी चढाओढ करतो हे खरं, पण माझ्याकडच्या पोळ्या संपल्या की गिऱ्हाइकाला मी त्यांच्याकडेच पाठवते. रस्त्यावर ही सोय आहे. पडद्यावरच्या तीन जागांत ती कुठं बसते?

मोजणारा : नाही बसत. पण तुम्ही मागे राहिलात म्हणून त्या जागा रिकाम्या राहणार नाहीत. ज्याला पोळी लाटता येत नाही पण शब्द निवडता येतात, असा कुणीतरी तिथं बसेल. त्यापेक्षा पोळी लाटणारी बसलेली बरी, एवढंच मी म्हणू शकतो. तुमच्या मैत्रिणींनीही आपापली वही काढावी. कदाचित तुम्हा सहाजणींना सहा वेगळे शब्द सापडतील, कदाचित सगळ्यांना बाळंतिणीचा डबाच सापडेल. मला आधी सांगता येणार नाही.

साशंक : नाहीच सांगता येणार. पण एवढं करशील? तक्ता मला परत पाठव, रकान्यांची नावं बदलून. पहिल्या रकान्याला ‘जाहिरातदारांची बोली’ म्हण, दुसऱ्याला ‘पहिल्या दहांचे दुवे’. ‘स्पर्धा’ या मथळ्याखालची जागा कोरी ठेव. वही तुला देते आहे, ‘सापडलेले शब्द’ म्हणून एक रकाना तिच्यातून भर. कोरी जागा मी त्या पाचजणींना भेटून आले की भरू. आणि गणपतीला आता अडीच महिने उरलेत, तेव्हा हे या आठवड्यातच कर.